पावती कोण देणार?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. सवडीने वाचा, पण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी वाचा.

मागच्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी एका बैठकीला गेलो होतो. विषय होता गावांना आरोग्यासाठी मिळणारा अबंध निधी. एका तरुण अधिकाऱ्याने अगदी चांगल्या मनाने विचारलं, "गुरुजी, पैसे येतात, तरी पाड्यांवरच्या लोकांच्या आरोग्यासाठी ते खर्चच होत नाहीत. लोकांमध्ये जागृती नाही का?" मी तिथे काही बोललो नाही. चहा आला होता, सगळ्यांना घाई होती. परतताना एसटीत बसल्यावर उत्तर सुचत गेलं, ते इथे लिहितोय. त्यात माझीही चूक आहे, आणि ती झाकून लिहिलं तर या पोस्टला काही अर्थ राहणार नाही.

इथले बरेचजण मला ओळखतात. न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो, जव्हार-मोखाडा भागात मी जिल्हा परिषदेच्या शाळांवर २६ वर्षं शिकवलं. मूळचा घाटावरचा. आदिवासी नाही. बदली होऊन आलो आणि इथलाच झालो. वारली लोकांचं बोलणं मला बऱ्यापैकी समजतं, कातकरी आपसात भरभर बोलू लागले की आजही अर्धं निसटतं. हे मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तर हा निधी काय आहे? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात एक चांगली कल्पना होती. प्रत्येक गावात एक समिती असावी, तिच्यात निम्म्या तरी बायका असाव्यात, आणि तिच्या हातात दरवर्षी १०,००० रुपयांपर्यंत असे पैसे द्यावेत की जे कशावर खर्चायचे ते गावानेच ठरवायचं. आपल्याकडे समितीचं नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. पाटीवर लिहायला दोन ओळी लागतात. शाळेचा मुख्याध्यापक म्हणून मी आमच्या गावच्या समितीत कित्येक वर्षं होतो. बँकेच्या खात्यावर सह्या सरपंचांच्या आणि अंगणवाडी ताईंच्या, पण हिशोबाची वही माझ्याकडे. मास्तराचं अक्षर बरं असतं, म्हणून.

गावाचं नाव लिहीत नाही. त्यातले काहीजण अजून तिथेच नोकरी करतात.

आता ती गोष्ट. २०१४ चा ऑगस्ट. १ तारखेला पालघर जिल्हा वेगळा झाला होता, सगळीकडे सत्कार आणि पेढे चालले होते. आमच्या गावापासून नाल्यापलीकडे कातकऱ्यांची सात-आठ घरं. तिथल्या एका बाईचं पाच महिन्यांचं मूल आजारी पडलं. आशाताई गेली, मुलाचा श्वास बघितला, बरगड्यांखाली खड्डा पडतोय हे तिला दिसलं. प्रशिक्षणात शिकवलेलं तिच्या लक्षात होतं. पाण्यातून, झोळीत घालून मूल डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने दवाखान्यात. भरती झालं. इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं, आणि हे त्या आशाताईचं कर्तृत्व.

दुसऱ्या दिवशी आशाताई शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, खात्यातून पाचशे रुपये काढा आणि बाईला पोचवा. नवरा गिरणाऱ्याला टोमॅटोच्या कामावर गेलाय, घरी दोन पोरं आहेत, म्हातारीला दिसत नाही. पोरांना मी बघते. पण तिच्याजवळ सत्तर रुपये आहेत. ती राहायची नाही तिथे."

मी विचारलं, "पावती कोण देणार?"

खरंच एवढंच विचारलं. मनात काही वाईट नव्हतं. आदल्या वर्षी शंभर-दीडशे रुपयांच्या एका बिलावरून तालुक्याला दोन हेलपाटे झाले होते, ते डोक्यात होतं. जेवणाखाण्याला पैसे दिले तर व्हाउचरला काय जोडायचं? जीपवाला बिल देत नाही. म्हटलं, सरपंचांना विचारतो. सरपंच पंचायत समितीत गेले होते. म्हटलं, उद्या बघू.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती बाई मूल घेऊन दवाखान्यातून निघून आली. रजिस्टरमध्ये नोंद झाली, रुग्ण न सांगता निघून गेला. पुढे पाच दिवसांनी मूल गेलं. समितीच्या खात्यात त्या दिवशी ६,३०० रुपये होते. वही माझ्याकडेच होती, त्यामुळे आकडा पाठ आहे.

नंतर कधीतरी त्या बाईला मी विचारलं, तू निघून का आलीस? ती म्हणाली, "सगलां फुकट हाय, पन भाकर कोन देल?" पेशंटला जेवण मिळत होतं. पाच महिन्यांचं मूल काय जेवणार? आणि तिथल्या बाईंनी तिला किती दिवस राहावं लागेल हे सांगितलं असेलही, पण ते तिला कळलं नव्हतं. कोणी रागावून बोललं नाही, मारलं नाही, हाकललं नाही. ती तिथे खुर्चीएवढीच गप्प होती, एवढंच.

त्याच आर्थिक वर्षात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्या समितीने ते ६,३०० रुपये खर्च केले. निधी वेळेत खर्चला नाही तर पुढचा अडतो असं वरून सांगणं होतं. आम्ही हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा रंगीत फलक बनवून घेतला, प्रथमोपचाराच्या पेट्या घेतल्या, उपकेंद्राला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि उरलेल्यात ब्लीचिंग पावडर. सगळ्यांच्या पावत्या पक्क्या. त्या वर्षीचं आमचं ऑडिट तालुक्यात सगळ्यात स्वच्छ निघालं, मला शाबासकी मिळाली. पेट्यांपैकी एक अजून सील न तोडता शाळेच्या कपाटावर आहे. फलक ज्यांच्यासाठी लावला त्या पाड्यावर वाचता येणारी एकच मुलगी होती, आणि पाड्याला पाणी उन्हाळ्यात डोक्यावरून आणावं लागे.

अधिकारी साहेब, तुम्ही जागृती म्हणालात ना? जागृती त्या आशाताईत होती आणि त्या बाईतही होती. तिने मूल भगताकडे न नेता भर पावसात दवाखान्यात नेलं होतं. झोपेत मी होतो आणि माझी वही होती.

हे एका पाड्याचं रडगाणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाहणीत देशभरात पाच वर्षांच्या आत मरणाऱ्या मुलांचं प्रमाण अनुसूचित जमातींमध्ये हजारी ५०.३ आहे. जे अनुसूचित जाती, जमाती किंवा मागासवर्गात येत नाहीत त्या घरांत ते ३३ आहे. म्हणजे प्रत्येक हजार मुलांमागे सतरा मुलं जास्त. आणि आपल्या भागाला तर हे सांगायलाच नको. १९९२ मध्ये वावर-वांगणीला मुलं गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जव्हार कुठे आहे ते कळलं. त्यानंतर योजना कमी आल्या का? नवसंजीवनी आली, मातृत्व अनुदान आलं, अमृत आहार आला. मी यांची टिंगल करत नाही. अमृत आहाराचं ताजं जेवण आणि अंडी जिथे नियमित मिळतात तिथे फरक पडतो, मी डोळ्यांनी बघितलाय. नवसंजीवनीत तर बुडीत मजुरीचीही तरतूद आहे, म्हणजे मूल भरती असताना आईबापाची जी मजुरी बुडते तिची भरपाई. शब्द बघा किती नेमका आहे, बुडीत मजुरी. ज्याने तो कागदावर आणला त्याला गरिबाचं घर ठाऊक होतं. पण आमच्या बाईला ती कोणी सांगितली नाही, आणि सांगितली असती तरी पैसे कागद फिरून येणार, आणि तिला भाकर हवी होती त्याच संध्याकाळी.

माझा मुद्दा इथे आहे. सरकारी दवाखान्यात औषध फुकट, तपासणी फुकट, बाळंतपण फुकट. मग गरीब आदिवासी माणसाला आजारपण महाग कशात पडतं? पाड्यापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून दवाखान्यापर्यंत जायला. जिथे १०८ पोचते तिथे ती देवासारखी आहे, पण ती डांबरापर्यंतच येते. इथून पुढे नाशिकला पाठवलं तर परतीच्या भाड्यात. सोबतच्याच्या जेवणात. बुडालेल्या मजुरीत. घरी राहिलेली पोरं आणि शेळ्या कोणीतरी सांभाळायच्या, त्यात. आणि सगळ्यात महाग म्हणजे तिथे आपलं बोलणं समजणारं कोणी नसणं, त्याला तर भावच नाही. यातल्या एकाही गोष्टीची पावती मिळत नाही. आणि ज्या गोष्टींची पक्की पावती मिळते, त्या फलक, खुर्ची, पेटी, पावडर, यांच्यावाचून आमच्याकडे कोणी मेलेलं मला माहीत नाही.

म्हणजे निधी नावाला अबंध आहे. नियमाच्या पुस्तकाने तो मोकळा सोडलाय. या समित्यांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असंही आहे की पैसा एरवी सगळ्या गावाच्या कामाचा, पण निराधार बाई किंवा अगदी गरीब घर असेल तर त्यांना उपचारापर्यंत पोचवण्यासाठी तो वापरता येतो. हे मला २०१४ साली माहीत नव्हतं. माहीत करून घेणं माझं काम होतं. तो बांधलाय तो पावतीने. आणि पावती देतं कोण? बाजारातला दुकानदार. म्हणजे आदिवासी पाड्याच्या आरोग्याचा पैसा कुठे जाणार, हे पाड्याने ठरवायच्या आधीच बिलबुक छापणाऱ्या दुकानदाराने ठरवलेलं असतं.

पेसाचंही तेच. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना येतो. मोठं पाऊल होतं, महाराष्ट्राने ते उचललं याचा मला अभिमान आहे. त्या पैशाचे चार भाग पाडलेत, त्यातला एक आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण यांच्यासाठी. इथे रक्कम दहा हजारांसारखी चिल्लर नसते, लाखांत असते. पण मी ज्या गावांचे कागद पाहिले तिथे आरोग्याच्या नावाने काय दिसलं? पाणी शुद्ध करायचं यंत्र, जे वीज नसली की बंद आणि जाळी बदलायला माणूस नाही म्हणून कायमचं बंद. सौर दिवे. शाळेला बाक. बाक मिळाले तर मास्तर म्हणून मी नाही कशाला म्हणू? पण ते आरोग्य नव्हे. मोठा पैसा आला की मोठा ठेकेदार येतो, एवढाच फरक.

इथे गडचिरोलीचं एक उदाहरण सांगावंसं वाटतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था उभी केली. दवाखाना बांधायच्या वेळी त्यांनी गोंड लोकांनाच विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, पेशंटला आत नेतात आणि आम्हाला बाहेर काढतात. म्हणून दवाखाना गावासारखाच बांधला. झोपड्या, आणि त्यात पेशंटसोबत घरचे राहणार. नावही देवीचं, मां दंतेश्वरी. ज्या बाईला आम्ही पाचशे रुपये दिले नाहीत, तिचं दुखणं तिथल्या लोकांनी विटा रचायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे हे काम देशभरच्या आशाताईंकडे आलं. आमच्या आशाताईला श्वास मोजता येत होता त्याची एक मुळी तिकडे आहे. डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली केंद्राने आदिवासी आरोग्यावर समिती नेमली, तिचा अहवाल २०१८ ला आला. तेव्हा काय करायला हवं हे कोणाला ठाऊक नाही, असं म्हणायला जागा नाही.

बरं, आम्ही काहीच केलं नाही असं नाही. २०१७ साली समिती नव्याने झाली, तेव्हा मी आणि अंगणवाडी ताईंनी ठरवलं की आता धाडस करायचं. ग्रामसभेत ठराव घेतला. गावातलं कोणीही भरती झालं, किंवा पुढच्या दवाखान्यात पाठवलं गेलं, तर सोबतच्या एका माणसाला दिवसाला साठ रुपये जेवणाचे आणि गाडीभाडं. पावतीऐवजी एक वही. वहीत रकाने: कोण, कुठला पाडा, कोणता दवाखाना, सोबत कोण, किती दिवस, किती रुपये, अंगठा किंवा सही. सोबत दवाखान्याच्या कार्डाची नाहीतर पाठवणीच्या चिठ्ठीची झेरॉक्स. आणि दर महिन्याच्या बैठकीत ती वही मोठ्याने वाचायची. कातकरी पाड्यावरची एक बाई आम्ही मुद्दाम समितीत घेतली. तिने पहिल्याच बैठकीत एक सुधारणा सुचवली, जी माझ्या डोक्यात कधीच आली नसती. म्हणाली, पैसे आशाताईच्या घरी डब्यात ठेवा, बँकेत नको, मूल काय बँक उघडायच्या वेळेलाच आजारी पडतं का?

वर्षभरात अकराजण गेले आणि अकराही डॉक्टरांनी सोडल्यावरच परत आले. एकही पळून आलं नाही. अकरावरून मी काही सिद्धांत मांडत नाही. पण आदल्या वर्षांत पळून येणं ही आमच्याकडे रीतच होती.

मग ऑडिट आलं. आक्षेप: वाहनभाड्यास जीएसटी क्रमांक असलेले देयक नाही. भोजनखर्चास कोटेशन मागवलेले नाही. कोटेशन! साठ रुपयांच्या जेवणाला तीन दरपत्रकं. ऑडिटवाला माणूस वाईट नव्हता, मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, तुमचं खरं आहे हे मला दिसतंय, पण मला लिहावं लागतं." १,८५० रुपये वसूलपात्र ठरले. मी आणि अंगणवाडी ताईंनी निम्मे निम्मे भरले. ताईंचं तेव्हाचं मानधन किती होतं ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी त्यांनी हात जोडले आणि मीही जोर केला नाही. पुन्हा फलक, पुन्हा पावडर.

काहीजण म्हणतील, आणि म्हणतातही, की पावती नको म्हटलं तर सरपंचाची माणसं पैसे खातील. खातील ना. आता खात नाहीत का? पक्क्या बिलात पाचशेची पेटी बाराशेला बसते, ते कोणाच्या पोटात जातं? पावतीने चोरी थांबत नाही, फक्त नीटनेटकी होते. चोरी थांबवते ती मोठ्याने वाचलेली वही. ज्या पाड्याच्या नावावर पैसे पडले त्या पाड्याची माणसं समोर बसलेली असताना खोटी नोंद वाचायला निर्ढावलेला माणूस लागतो. आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात आपला तेव्हाचा ठाणे जिल्हाही होता. तिथल्या जनसुनवाईत बायका अधिकाऱ्यांच्या समोर उभ्या राहून बोलायच्या. कोणाच्या दवाखान्यात कोण पैसे मागतं, हे त्या नावगाव घेऊन सांगायच्या. तेवढा हिशोब कोणत्याही बिलबुकात निघालेला नाही.

दुसरं म्हणतात, यांना फुकटची सवय लागेल. यावर मी पूर्वी चिडायचो, आता विचारतो, तुमच्या घरचं कोणी आजारी होतं तेव्हा तुमची रजा पगारी होती का? होती. मग फुकटची सवय कोणाला आहे ते आपण दोघांनी ठरवू.

तिसरं बोलणं मात्र मला पटतं, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या भागातली अर्धी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून निघतात. भिवंडी, वसई, ठाण्याकडे, वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. होळीला येऊन जातात आणि खरं परततात ते पावसाच्या तोंडावर. तेवढे महिने ती माणसं आमच्या समितीच्या कागदावर आमची, आणि तिकडच्या कोणाचीच नाहीत. भट्टीवर मूल तापाने फणफणलं तर आमच्या खात्यातले पैसे भिवंडीला कसे पोचणार? मालक उचल देतो, म्हणजे आजारपणही पुढच्या वर्षाच्या मजुरीतून कापून जातं. यावर एकच छोटी गोष्ट जमली होती. निघायच्या आधी आशाताई प्रत्येक घरातल्या पोरांची लसीची कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देई आणि मागे स्वतःचा फोन नंबर लिही. त्या नंबरवर फोन यायचे, रात्री-अपरात्री. ती इकडून तिकडच्या सिस्टरशी बोलायची, बाईचं म्हणणं मराठीत करून सांगायची. तिच्या फोनचं रिचार्ज तिने स्वतःच्या पैशाने केलं. त्याची पक्की पावती मिळत असते, हे मला फार उशिरा सुचलं. तेवढं तरी देता आलं असतं.

आणि रक्कम? २००५ साली १०,००० ठरले तेव्हा मुंबईत पेट्रोल पन्नाशीच्या आत होतं. आज शंभरीच्या वर आहे. जीपवाल्याला काय सांगायचं, शासन निर्णय दाखवायचा? लोकसंख्येप्रमाणे लहान पाड्यांच्या गावाला तर त्याहून कमी पडतात, आणि नेमका लहान, विखुरलेला पाडाच दवाखान्यापासून सगळ्यात लांब असतो. डोकी मोजून वाटलं की असं होतं. पण रक्कम वाढवा ही मागणी मी आज दुसऱ्या नंबरावर ठेवतोय, कारण आहेत तेच पैसे फलकावर जाणार असतील तर वाढवून मोठा फलक येईल.

पहिली मागणी अशी. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात रुग्णाच्या सोबत्याचा प्रवास, जेवण आणि मुक्काम यांच्या खर्चासाठी ग्रामसभेचा ठराव, दवाखान्याचं कार्ड आणि वहीतला अंगठा, एवढं पुरेसं व्हाउचर मानावं, ठराविक मर्यादेपर्यंत. मर्यादा पाचशे ठेवा, हजार ठेवा, पण लेखी ठेवा. हे तोंडी सांगून चालत नाही, ऑडिटवाला तोंडी ऐकत नाही. त्यासाठी आरोग्य आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांनी मिळून एक साधं पत्रक काढायला हवं. पेसाच्या आरोग्याच्या हिश्श्यालाही तेच लागू करावं. आणि तालुक्याच्या, जिल्ह्याच्या दवाखान्यात वारली, कातकरी, कोकणा बोलणारी एकेक बाई बसवावी, तिचं मानधन याच पैशातून चार-पाच गावांनी मिळून द्यावं. ती नर्स असायची गरज नाही. तिने फक्त विचारायचं, काय झालं, आणि सांगायचं, अजून किती दिवस.

मी आता निवृत्त आहे, समितीत नाही, माझ्या सहीला किंमत नाही. पण ग्रामसभेत तुमच्या हाताला आहे. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी पळू नका. ग्रामसभा बसली की आरोग्य समितीची वही मागा. खात्यात किती आहेत, मार्चमध्ये काय घेतलं, आणि या वर्षी कोणत्या पाड्यावरचं कोण भरती झालं होतं, हे तीन प्रश्न पुरेत. नर्सबाईंवर किंवा आशाताईवर ओरडू नका. त्यांच्या हातात काही नाही. आणि पाड्यावरच्या बायकांना आदल्या दिवशी जाऊन सांगा, नाहीतर त्या मागे, दाराजवळ बसतील आणि तुम्ही आम्हीच बोलत राहू.

आमच्या २०१७ च्या ठरावाची नक्कल आणि वहीच्या रकान्यांचा नमुना मी काढून ठेवलाय. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागा, गुरुजींची वही म्हणा, तो देईल. दोन रुपये लागतील. पावती मिळणार नाही.